अंगावर काढणे

ओझी कोणी कुठे वाहायची याची वाटणी मराठी भाषेने मोठ्या पद्धतशीरपणे करून ठेवली आहे. कर्ज असते ते डोक्यावर. जबाबदारी पडते ती खांद्यावर. मूल कडेवर, बिऱ्हाड पाठीवर आणि आळ माथ्यावर. दुखणे मात्र काढायचे ते अंगावर. 'सोसणे' हा शब्द त्याच्या जवळचा खरा, पण सोसणाऱ्याला निदान आपण सोसतो आहोत याची जाणीव असते. अंगावर काढणाऱ्याला तीही नसते. दिवस काढावे, उन्हाळे-पावसाळे काढावे, तसे तो दुखणे काढतो. किंवा व्याकरणाच्या दृष्टीने अधिक अचूक बोलायचे तर, काढते.

व्याकरणाचा हा बारकावा मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवला. मी शाळेत शिकवते चित्रकला. पण तालुक्याच्या गावातल्या लहान शाळेत चित्रकलेच्या बाईला रंगपेटी उघडून स्वस्थ बसता येत नाही. मराठीचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे येतो. मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, एवढे कारण मुख्याध्यापकांना पुरते. अशाच एका तासाला सातवीच्या मुलांना मी 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करण्यासाठी दिला. अडतीस वह्या आल्या. आईने ताप अंगावर काढला. आजीने गुडघेदुखी अंगावर काढली. काकूने खोकला, मावशीने दाढदुखी. अडतीस वाक्यांत पुरुष एकही नव्हता. एका मुलाने 'रामरावांनी' असे लिहिले होते खरे. पण मग त्याचे त्यालाच ते विचित्र वाटले असावे. त्याने ते खोडून वर 'सीताबाईंनी' असे केले होते. मी त्या वाक्याला पुरे गुण दिले.

पुरुष वाचकांनी राग मानू नये. आमच्या घरी यजमानांना दोन शिंका लागोपाठ आल्या की गवती चहा उकळू लागतो, खिडकी लावली जाते आणि मुलांना हळू बोलायला सांगितले जाते. यात त्यांचा काही दोष नाही. आजारी पडावे कसे हे त्यांना लहानपणापासून नीट शिकवलेले आहे. आम्हाला ते कोणी शिकवले नाही, एवढेच.

माझी आत्या या बाबतीत फार तयारीची होती. उस्मानाबाद जिल्ह्यात, आता ज्याला धाराशिव म्हणतात तिथे, एका लहान गावी तिचे सासर. सोळाव्या वर्षी लग्न झाले, पाच बाळंतपणे झाली, तिघे जगले. सुट्टीत आम्ही तिच्याकडे जात असू. ज्वारीच्या कणसांच्या वासाचे तिचे लुगडे आणि कुठल्याही प्रश्नाला तिचे ठरलेले उत्तर, "काही नाही ग, चालायचंच," एवढे मला लख्ख आठवते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिचे अंगावरून जाणे थांबले आणि वर्षभराने पुन्हा सुरू झाले. ती कोणालाच बोलली नाही. कंबर दुखू लागली तेव्हा ओवा घेतला. पाय सुजले तेव्हा उशाशी वीट लावावी तशी पायांखाली उशी घेतली. जावेच्या लक्षात आले ते वासावरून. तेव्हा दीड वर्ष लोटले होते. जिल्ह्याच्या गावी नेले, तिथून पुढे मोठ्या शहरी नेले आणि मग परत घरी आणले. १९९६ च्या जूनमध्ये ती गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती.

त्याच आठवड्यात माझा दहावीचा निकाल लागला. माझे वडील दहावीला शेवटपर्यंत 'मॅट्रिक'च म्हणत. "पोरगी मॅट्रिक झाली," असे ते सुतकात बसल्या बसल्या हळूच म्हणाले. पेढे वाटले नाहीत. आत्याला काय झाले होते असे विचारल्यावर "पोटाचं" असे उत्तर मिळे, आणि पुढे कोणी विचारू नये अशा रीतीने ते दिले जाई. पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर, त्यांच्या ट्रंकेत शेताच्या सातबाऱ्याच्या घडीत इस्पितळाचा एक पिवळा पडलेला कागद सापडला. त्यावर रोगाचे नाव होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग.

मी शास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यानंतर हात वळवला तो रंगांकडे. पण कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला, आपल्या पात्राचा जीव कोणी घेतला हे कळल्यावाचून चैन पडत नाही. मी विचारू लागले, वाचू लागले. आणि वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की हा मारेकरी पकडण्याची गोष्ट कोणत्याही रहस्यकथेपेक्षा अधिक लांबलेली आहे.

१८४२ साली इटलीतल्या व्हेरोना गावी रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने मृत्यूच्या नोंदी चाळल्या. त्याला दिसले की हा रोग लग्न झालेल्या बायकांत आढळतो आणि मठात राहणाऱ्या जोगिणींत जवळजवळ आढळत नाही. याचा अर्थ लागायला पुढे एकशेचाळीस वर्षे जावी लागली. हाराल्ड त्सुर हाऊसेन या जर्मन शास्त्रज्ञाने, पुष्कळांना न पटणारे मत कित्येक वर्षे धरून ठेवून, १९८३ आणि १९८४ साली या रोगाच्या पेशींतून पॅपिलोमा जातीचे दोन विषाणू वेगळे काढून दाखवले. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत : सोळा आणि अठरा. जगात या रोगाने गाठलेल्या दर दहा बायकांपैकी सुमारे सात जणींच्या मुळाशी हे दोघे असतात. २००८ साली त्सुर हाऊसेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, आणि आजोबांच्या हातून तो नातीच्या हातात जातो, हे मला ठाऊक आहे. तरी हे वाक्य मी जाणून लिहिले आहे. कारण याच एका वाक्यापाशी येऊन आमच्या घरचे 'पोटाचं' हे उत्तर सुरू होते. खरे पाहता यात चारित्र्याचा पंचनामा करण्यासारखे काहीही नाही. बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच, आणि बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत निमूटपणे त्याला हाकलून देते. थोड्या बायकांत तो ठाण मांडून बसतो. मग पंधरा-वीस वर्षे तो काही बोलत नाही. पेशी हळूहळू बदलत राहतात, बाई स्वयंपाक करीत राहते, शेतात जात राहते. बायका दुखणे अंगावर काढतात हे जणू या रोगाला माहीत असावे, अशा सावकाशीने तो चालतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार बायका त्याने गेल्या.

पण ही सावकाशीच त्याचे मर्मस्थान आहे. जो चोर घरात शिरायला पंधरा वर्षे घेतो, त्याला धरायलाही पंधरा वर्षे मिळतात. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टराने अमेरिकेत राहून, गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत काढली आणि १९२८ साली ती प्रथम लोकांपुढे मांडली. या तपासणीसाठी त्याची पत्नी मेरी वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशी देत राहिली. नवऱ्याच्या शास्त्रासाठी तिने काय अंगावर काढले, याची गणती कोणी ठेवली नाही. तपासणीला मात्र नवऱ्याचे नाव मिळाले.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले. १९९९ साली, म्हणजे आत्या गेल्यावर तीन वर्षांनी, तिच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. गावांचे बावन्न गट पाडले. काही गटांतल्या बायकांची या विषाणूसाठी एकदा तपासणी केली, काही गटांची इतर रीतींनी केली, आणि काही गट तपासणीवाचून तसेच ठेवले, तुलनेसाठी. आठ वर्षांनी हिशेब मांडला. विषाणूची तपासणी झालेल्या सुमारे चौतीस हजार बायकांपैकी या रोगाने चौतीस गेल्या. तपासणी न झालेल्या एकतीस हजारांपैकी चौसष्ट. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला दाखवून दिले ते आमच्या ज्वारीच्या मुलखातल्या बायकांनी. त्याचा मला अभिमान वाटतो. पण त्या चौसष्ट जणी काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांना तपासणी मिळाली नव्हती म्हणूनच तो आकडा आपल्याला मिळाला.

मुंबईतही असेच काम झाले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास हाती घेतला. तपासणीची रीत अगदी साधी : कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर लावायचे, आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. तपासणी करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. बोलायला गोड आणि दहावीपर्यंत शिकलेल्या अशा बायका निवडून त्यांना काही आठवडे शिकवले होते. त्यांच्या हातून झालेल्या तपासणीमुळे या रोगाचे मृत्यू शेकडा एकतीसने घटले, असे २०१३ साली जाहीर झाले. मॅट्रिकवर थांबलेल्या आम्हा बायकांना जन्मभर कोणी ना कोणी "पुढे का नाही शिकलात?" असे विचारीत असते. त्यांच्यासाठी हा आकडा मी पाठ करून ठेवला आहे.

तपासणी झाली चोर धरण्याची. चोर येऊच नये म्हणून जी कडी लावायची, ती लस. ऑस्ट्रेलियात १९९१ साली इयन फ्रेझर आणि मूळचे चिनी असलेले जियान झोऊ या दोघांनी तिची युक्ती शोधली, आणि ती युक्ती दिवाळीच्या दिवसांत मुलांना समजावून सांगायला फार सोपी आहे. आमच्या वर्गात दरवर्षी मुले कामट्यांचे आणि पातळ कागदाचे आकाशकंदील करतात. समजा, कंदील हुबेहूब केला, पण आत दिवा ठेवलाच नाही. लांबून पाहणाऱ्याला तो कंदीलच वाटेल, पण त्याने आग लागायची नाही. लसीत विषाणूचे नुसते बाहेरचे कवच असते, तेही यीस्टसारख्या निरुपद्रवी जीवांकडून करवून घेतलेले. आतला जीव नसतोच. शरीर त्या रिकाम्या कंदिलाचा आकार ध्यानात ठेवते आणि पुढे खरा आला की ओळखून त्याला दारातच अडवते. झोऊ १९९९ साली, लस बाजारात येण्यापूर्वीच, तरुणपणी वारले. २००६ साली लस आली. ज्या देशांत मुलींना ती वेळेवर मिळाली, तिथे आता त्या मुली मोठ्या झाल्या आहेत आणि हिशेब हाती येऊ लागले आहेत. इंग्लंडात बारा-तेरा वर्षांच्या असताना जिच्यासाठी लस आली त्या पिढीत हा रोग शेकडा सत्त्याऐंशीने कमी झाला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने केलेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती आली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या एका मंडळाने वर्गणी जमवून सातवी-आठवीच्या मुलींना ही लस देण्याचे ठरवले. सहा महिन्यांच्या अंतराने दोन टोचण्या. शाळेत संमतिपत्रांचा गठ्ठा येऊन पडला. एकूण सव्वीस मुली. मुलींचे काम म्हणून तो गठ्ठा अर्थातच माझ्या टेबलावर आला. "बाई, दोन दिवसांत सह्या आटपा," असे मला सांगण्यात आले. कोणीतरी असेही सुचवले की पालक बिचारे कामावर असतात, बाईंनीच सही करून टाकली तर काय बिघडले? सहलीच्या कागदावर आपण करतोच की!

मला मात्र खम्मम आठवले. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो शाळकरी मुलींना प्रयोगादाखल ही लस देण्यात आली होती. पुढे सात मुली दगावल्या. कोणाला साप चावला होता, कोणी बुडाली होती. ते मृत्यू लसीने झाले नाहीत असे चौकशीत निघाले. पण त्याच चौकशीत दुसरी एक गोष्ट उजेडात आली. आश्रमशाळांत राहणाऱ्या कितीतरी गरीब मुलींच्या कागदांवर आईबापांच्या सह्याच नव्हत्या. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी नाहीतर मुख्याध्यापकांनी त्या ठोकल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. पण तिच्यावरचा विश्वास त्या सह्यांनी मोडला आणि २०१० साली कामच थांबवावे लागले.

त्याच वेळी बार्शी, पुणे, मुंबई आणि इतरही ठिकाणी या लसीचा एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन मात्रा पुरतात की तीन लागतात हे पाहण्याचा. तोही त्या गोंधळात अर्ध्यावर थांबला. सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून पुढची मिळाली नाही. डॉक्टरांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षे त्यांना तपासत राहिले, आणि २०२१ साली दिसून आले की ज्यांना एकच मात्रा मिळाली त्याही पूर्ण मात्रा मिळालेल्यांइतक्याच सुरक्षित आहेत. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे सांगितले. अर्ध्यावर मोडलेल्या कामातून गरीब देशांचा खर्च निम्म्यावर आणणारी गोष्ट हाती लागली. नशिबाचा खेळ असा असतो. पण पोरींच्या दंडावर नशिबाचे खेळ खेळू नयेत, म्हणून मी तो गठ्ठा पिशवीत घातला आणि संध्याकाळी घरोघर निघाले.

पहिल्याच घरी आजी भेटल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पदर सारून दंड पुढे केला. त्यावर देवीचा रुपयाएवढा वण होता. "देवी काढायला माणूस आला की आम्ही कणगीमागं लपायचो," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांनी ओढून नेलं. शेजारच्या घरी नाही नेलं. त्या घरची पोर तोंडावर वण घेऊन जगली." मी त्यांना सांगितले की हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली ती १८०२ साली मुंबईत, तीन वर्षांच्या एका मुलीलाच. अॅना डस्टहॉल तिचे नाव. आजी म्हणाल्या, "बघा, सुरुवात पोरीपासनंच. काढ ग कागद." सही सुनेने केली, पण निकाल आजींनी दिला.

दुसऱ्या एका घरी वडील शांतपणे म्हणाले, "बाई, पोर बारा वर्षांची आहे. लग्नाला अजून दहा वर्षं आहेत. आत्तापासून कशाला?" मी म्हटले, "तुम्ही घर शाकारता ते पाऊस सुरू झाल्यावर की मृगाच्या आधी?" त्यांना ते पटले. शेतकरी माणूस, शाकारणी म्हटल्यावर पुढे काही समजवावे लागत नाही. ही लस आधी घेतली तरच पुरे काम देते. एकदा शिरलेला विषाणू तिने जात नाही. म्हणून नऊ ते चौदा हे तिचे वय.

पण बाजारपेठेतल्या एका दुकानदारांना कशानेच पटले नाही. "असली लस दिली असं कळलं तर मुलीला लोक काय म्हणतील?" हाच त्यांचा एक प्रश्न होता. मला बोलता येण्यासारखे होते ते सारे मी बोलले. त्यांनी चहा दिला, सही दिली नाही. त्यांची मुलगी दाराआडून ऐकत होती. माझ्या वर्गातली ती, हात फार सुरेख आहे तिचा. मी कोरा कागद परत आणला. सही घेतलीच पाहिजे असा हट्ट धरला असता तर बाईंच्या शब्दाखातर त्यांनी कदाचित केलीही असती. पण बाईंच्या शब्दाखातर केलेली सही आणि बाईंनीच केलेली सही, यांत मला फारसे अंतर दिसेना. सव्वीसांपैकी एकवीस सह्या मिळाल्या. उरलेल्या पाच जणी आजही मला मोजता येतात.

शेवटचे घर गावाबाहेरच्या डाळीच्या गिरणीपाशी होते. मुलीची आई गिरणीत कामाला, वय चाळिशीचे. तिने कागद न वाचताच सही केली. मी म्हटले, "आधी ऐकून घ्या." तेव्हा ती उंबऱ्यावर बसली. मी रोग सांगितला, त्याची चिन्हे सांगितली, आणि हेही सांगितले की मुलींना लस असली तरी तिशीपुढच्या बायकांनी तपासणी करून घ्यावीच. ती बोटाने जमिनीवर रेघ ओढत होती. मी निघाले तशी फाटकापर्यंत आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाई, मला चार महिने झाले असंच होतंय. मध्येच जातंय अंगावरून. पण एवढं काही नाही. अंगावर काढतेय."

सत्तावीस वर्षांनी तो वाक्प्रचार मी पुन्हा प्रत्यक्ष ऐकला. पायांखालची जमीन हलणे म्हणजे काय ते मला त्या फाटकापाशी कळले. मी तिला काही समजावत बसले नाही. सोमवारी रजा काढली आणि तिला घेऊन इस्पितळात गेले. रांगेत तिच्यापाठोपाठ मी माझाही कागद काढला, कारण एकटीने आत जायला ती घाबरत होती. आणि खरे सांगायचे तर मीही. माझे काही निघाले नाही. तिचे निघाले. पण रोग पहिल्या पायरीवर होता. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आणखी वर्षभर काढलं असतं अंगावर, तर गोष्ट वेगळी होती."

टोचणीच्या दिवशी एकवीस मुली बाकावर ओळीने बसल्या. टोचून झाल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवायचे होते, कारण या वयात मुलींना सुई पाहूनच घेरी येते. दोघींना आलीही, आणि लिंबाचे सरबत पिऊन गेलीही. खिडकीतून मुलगे डोकावत होते. एकाने विचारले, "बाई, आम्हाला का नाही?" प्रश्न बरोबर होता. हा विषाणू पुरुषांनाही सोडत नाही, घशाचे कर्करोगही करतो, आणि ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही ही लस देतात. मी त्याला म्हटले, "तुझा नंबर लागेल तेव्हा पळू नकोस म्हणजे झालं." डाळीच्या गिरणीवाल्या बाईची मुलगी दंड चोळत विचारीत होती, "बाई, उद्या चित्र काढता येईल ना?" मी म्हटले, "डाव्या दंडावर टोचलंय ग, उजव्याने काढ."

२०२४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, तीच मुलगी फराळाचा डबा घेऊन आमच्या घरी आली. डब्यात चिवडा होता, शंकरपाळे होते, आणि कडेला पाच करंज्या. त्यांतल्या तीन फुटून सारण बाहेर आलेले, आणि एकीचा आकार तर करंजीपेक्षा शंखाच्या अधिक जवळ जाणारा. माझी नजर तिकडे गेलेली पाहून मुलगी ओशाळली.

"बाई, हसू नका हं," ती म्हणाली. "आईची कंबर दुखत होती. ती म्हणाली, मी आज पडून राहणार. म्हणून करंज्या बाबांनी केल्यात."

मी सर्वांत आधी शंखासारखी दिसणारी करंजी उचलली. सारण थोडे करपले होते, पण साखर पुरेशी होती.